दोन फेजमधून बारा व्होल्ट: एक चिप निवडायला लागलेले चौदा महिने

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचं चार जणांचं युनिट आहे. शेतीपंपासाठी मोबाईल स्टार्टर बनवतो. मिस्ड कॉल दिला की मोटर चालू, पुन्हा दिला की बंद. एखादी फेज गेली किंवा विहिरीतलं पाणी खाली गेलं तर पेटी आपणच मोटर थांबवते आणि मालकाला मेसेज करते.

जून २०२१ मध्ये तासगावजवळच्या एका द्राक्षबागायतदार आप्पांचा फोन आला. "लाईट आलीया, मोटर उचलंना. पेटीतला दिवाच लागंना बघ." रात्रीची पाळी होती, दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर गेले होते. पेटी उघडली तर आमचा लोखंडी ट्रान्सफॉर्मर जळलेला. त्या हंगामातला तो सातवा. त्यातच तांब्याचा भाव मे महिन्यात जागतिक बाजारात विक्रमी पातळीवर गेला होता, आणि २१० रुपयांना मिळणारा ट्रान्सफॉर्मर २९० वर पोचला होता. त्याच आठवड्यात ठरवलं, आता एसएमपीएस, म्हणजे वीज वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारा स्विचिंग सप्लाय, स्वतः बनवायचा.

मी डिप्लोमावाला. मायक्रोकंट्रोलरची सवय होती, पण मेन्सवरून चालणारा स्विचिंग सप्लाय कधी केला नव्हता. त्यात पहिला अडथळा चिप निवडण्याचाच आला. जो कोणी या वाटेवर आज उभा आहे त्याच्यासाठी सगळं तारीखवार लिहितोय.

आधी गरज काय होती ते. शेतीपंपाच्या पेटीत तीन फेज येतात, न्यूट्रल बहुतेक ठिकाणी येतच नाही. म्हणजे सप्लाय दोन फेजच्या मध्येच बसणार. कागदावर तिथे ४१५ व्होल्ट असतात. प्रत्यक्षात एक फेज गेली आणि शेजारच्याने कॅपॅसिटर लावून दोन फेजवर मोटर ओढली की आमच्या वाट्याला २०० च्या खालीही येतात. मध्यरात्री आजूबाजूच्या मोटरी बंद झाल्या की तेच व्होल्टेज चढत जातं. मी आमच्या जुन्या पेट्यांमधल्या नोंदी काढल्या आणि १८० ते ५०० व्होल्ट एसी अशी कक्षा लिहून भिंतीवर चिकटवली. हा कागद पुढे फार उपयोगी पडला, फक्त पहिल्या दोन महिन्यांत मी त्याकडे नीट पाहिलं नाही.

दुसरी गरज आयसोलेशनची. पाण्याची पातळी कळण्यासाठी पेटीतून विहिरीत सेन्सरच्या वायरी सोडलेल्या असतात. त्या वायरी माणूस ओल्या हातांनी धरतो, कधी पाण्यात उतरून सोडवतो. त्यामुळे कॅपॅसिटरने व्होल्टेज पाडून घेणारे स्वस्त सप्लाय माझ्यासाठी पहिल्याच दिवशी बाद झाले. मेन्स आणि बारा व्होल्ट यांच्यामध्ये भक्कम भिंत हवी, म्हणजेच फ्लायबॅक (ट्रान्सफॉर्मरमध्ये ऊर्जा साठवून पलीकडे सोडणारा स्विचिंग सप्लाय) आणि त्याचा फेराईट ट्रान्सफॉर्मर.

तिसरी गरज वॅटची. इथे मी सुरुवातीला जास्तीचं धरून बसलो होतो. जीएसएम मॉड्यूल दोन अँपियर मागतं असं त्याच्या डेटाशीटमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून मी सरळ पंधरा वॅट धरले. मग नीट वाचलं. टू-जीवर ते दोन अँपियर फक्त ५७७ मायक्रोसेकंदांपुरते लागतात, दर ४.६ मिलिसेकंदांनी एकदा. आठातला एक वाटा. चार व्होल्टला दोन अँपियर म्हणजे आठ वॅट, त्याची सरासरी एक वॅट. उरलेलं काम मोठा कॅपॅसिटर करतो. दोन रिले, मायक्रोकंट्रोलर सगळं धरून सरासरी चार वॅटच्या आत बसत होतं. मी १२ व्होल्ट, ०.७ अँपियर ठरवलं. चिप शोधण्याआधी हा हिशेब करा. वॅट निम्मे झाले की चिपांची यादी बदलते आणि ट्रान्सफॉर्मरही लहान होतो.

जुलैभर वाचन. चिप बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांची डिझाइन सॉफ्टवेअरं फुकट मिळतात, नोंदणी करावी लागते एवढंच. त्यांत इनपुटच्या रकान्यात बहुधा ८५ ते २६५ आधीच भरलेलं असतं. जगभरच्या घरगुती सॉकेटला तेवढं पुरतं. आमच्या विहिरीला ते पुरत नाही.

पहिला उमेदवार होता यूसी३८४४. १९८० च्या दशकातल्या युनिट्रोडच्या कुळातली आठ पायांची चिप, आता बऱ्याच कंपन्या बनवतात, बुधवार पेठेत पसोड्या विठोबाजवळ कुठल्याही दुकानात मिळते. दुरुस्ती करणाऱ्या प्रत्येकाला ती पाठ असते. मॉसफेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा स्विच, बाहेरून लावायचा, त्यामुळे हवा तेवढ्या व्होल्टचा घेता येतो. मला ती मनापासून आवडली होती. पण ती चालू व्हायला १६ व्होल्ट लागतात आणि तोवर साध्या आवृत्तीला एक मिलिअँपियरपर्यंत करंट द्यावा लागतो, तोही थेट हाय व्होल्टेजवरून रेझिस्टरने. १८० व्होल्ट एसीला डीसी होतात २५४. त्यातून एक मिलिअँपियर मिळवायला साधारण २२० किलोओहम. आता तोच रेझिस्टर ५०० व्होल्ट एसीला, म्हणजे ७०७ डीसीला, दोन वॅटहून जास्त जाळतो. चोवीस तास. बंद पेटीत, एप्रिलच्या उन्हात. याच कुळातल्या नव्या, कमी करंटच्या आवृत्त्या शंभर मायक्रोअँपियरच्या आत सुरू होतात आणि हा प्रश्न सुटतो, पण त्या वेळी त्या मला कुठेच हातात मिळेनात.

म्हणून ऑगस्टमध्ये मॉसफेट पोटातच असलेल्या चिपांकडे वळलो. पाय कमी, भाग कमी, चालू होण्याची सोय आतच. बहुतेक ७०० व्होल्टच्या. मी गुणाकार केला: ४१५ गुणिले १.४१४, बरोबर ५८७. सातशेच्या आत आहे, झालं, असं म्हणून बोर्ड मागवले.

१८ सप्टेंबरला तीन फेजच्या डिमरस्टॅटच्या (व्होल्टेज हवं तसं कमीजास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) दोन टोकांवर बोर्ड जोडला. काही बिघडलं तर करंट रोखायला सिरीजमध्ये बल्ब होता. ३५० व्होल्टपर्यंत बारा व्होल्ट स्थिर. तिघंही आनंदात होतो. हळूहळू चढवत ४१० च्या आसपास आलो आणि फटाक्यासारखा आवाज झाला. चिपच्या पाठीवर तांदळाएवढा खड्डा. दुसऱ्या बोर्डाचंही तेच झालं, तिसरा लावायचा धीर झाला नाही. त्या रात्री मी घरी काहीच बोललो नाही. महिन्याभराचं काम आणि साडेअकरा हजार रुपये गेले होते, पण का गेले हे कळत नव्हतं याचा त्रास जास्त होता.

कारण समजायला आठवडा लागला. फ्लायबॅकमध्ये मॉसफेट बंद होतो तेव्हा त्याच्या ड्रेनवर (ट्रान्सफॉर्मरकडच्या पायावर) फक्त डीसी व्होल्टेज नसतं. सेकंडरीवरचं (बारा व्होल्टच्या बाजूचं) व्होल्टेज वेढ्यांच्या प्रमाणात मोठं होऊन प्रायमरीवर (मेन्सच्या बाजूला) उलटं दिसतं, माझ्या डिझाइनमध्ये ते ११० होतं. त्याच्या वर ट्रान्सफॉर्मरच्या लीकेजमुळे (सेकंडरीपर्यंत न पोचणाऱ्या ऊर्जेमुळे) क्षणभर उसळणारा काटा, शंभरच्या घरात. ४१० एसीचे ५८० डीसी, अधिक ११०, अधिक काटा. ७७० च्या पुढे. चिपने जेवढं कबूल केलं होतं त्याहून जास्त तिने सोसलं होतं, दोष माझ्या बेरजेचा होता. तेव्हापासून भिंतीवरच्या कागदाखाली तीन ओळी आल्या: सर्वांत जास्त डीसी, उलटं दिसणारं व्होल्टेज, काटा. सुधारलेल्या डिझाइनमध्ये ५०० व्होल्टला माझी बेरीज ७०७ अधिक ९८ अधिक साधारण ७० अशी ८७५ येत होती. म्हणजे ९०० ची चिपसुद्धा काठावर.

ऑक्टोबरात पुण्यातल्या एका मित्राने वाट दाखवली. तो वीजमीटरच्या कामात होता. "तुझा प्रश्न मीटरवाल्यांनी कधीच सोडवलाय," म्हणाला. तीन फेजच्या मीटरलाही हाच त्रास असतो. तिथे ७०० व्होल्टच्या चिपच्या डोक्यावर दुसरा ६०० व्होल्टचा मॉसफेट रचतात आणि ताण दोघांत वाटून देतात. स्टॅकफेट म्हणतात त्याला. नोव्हेंबरात मी तसा बोर्ड केला आणि तो ५०० व्होल्टला चालला. पहिल्यांदा चालला तेव्हा मी सिरीजचा बल्ब काढायलाही विसरलो होतो, इतका वेळ नुसता मीटरकडे बघत उभा होतो.

पण तोवर चिपांचा दुष्काळ ऐन भरात होता. अधिकृत वितरकाच्या पानावर माझ्या चिपपुढे ५२ आठवडे लिहिलेलं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर गेलो, एका दुकानात वीस नग मिळाले, नेहमीच्या तिप्पट भावाने. त्यातले सहा सुरूच झाले नाहीत. एका नगावर ॲसिटोनचा बोळा फिरवला तर छपाई पुसली गेली आणि खाली घासल्याच्या रेघा दिसल्या. त्या दिवशी ती चौदा चांगलीही बाजूला ठेवली. ज्या भागाचा उगम माहीत नाही तो विहिरीत वायरी सोडणाऱ्या पेटीत लावायचा नाही, हे मी तेव्हा ठरवलं आणि अजून पाळतो.

डिसेंबरात पुन्हा यादीपाशी बसलो. या वेळी गाळणी उलटी लावली: आधी व्होल्ट, मग प्रत्यक्षात शिल्लक किती, मग फ्रिक्वेन्सी, वॅट सगळ्यांत शेवटी. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्सची व्हायपर२६के समोर आली. पोटात १०५० व्होल्टचा मॉसफेट, ६० किलोहर्ट्झ, चालू होण्यासाठीचा करंट आतूनच. परदेशी वितरकाकडे शिल्लक होती.

फ्रिक्वेन्सीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मी ते आधी क्षुल्लक समजत होतो. १३० किलोहर्ट्झच्या चिपने ट्रान्सफॉर्मर लहान होतो, म्हणून ती बरी वाटते. पण मॉसफेट दर वेळी चालू होताना ड्रेनवरचा साठा स्वतःत जाळतो. ड्रेनवर १०० पिकोफॅरड धरा, ७०७ व्होल्ट धरा, ६० किलोहर्ट्झला दीड वॅट नुसती उष्णता. १३० ला तीन वॅटच्या वर. घरगुती ३२५ व्होल्ट डीसीला हाच आकडा साधारण पाचव्या हिश्श्यावर येतो, म्हणून तिथे कोणी फारसं बोलत नाही. जास्त व्होल्टेजवर काम असेल तर हळू चालणारी चिप घ्या.

पाच-दहा नग मागवायचे तरी धंद्याच्या नावाने आयात करायला आयईसी (आयात-निर्यातीचा कोड) लागतो. डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालयाच्या) संकेतस्थळावर अर्ज, फी ५०० रुपये, पॅन आणि रद्द केलेला चेक. नंबर म्हणून पॅनच मिळतो. तो दोन दिवसांत आला. मग बँकेकडून एडी कोडचं (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या बँकेच्या कोडचं) पत्र. तिथे तीन खेपा आणि नऊ दिवस, कारण शाखेत आधी कोणी ते मागितलं नव्हतं. पत्राचा नमुना स्वतः छापून घेऊन जा, बराच वेळ वाचतो. आयसीवर मूळ सीमाशुल्क नाही, १८ टक्के आयजीएसटी भरावा लागतो आणि जीएसटी क्रमांक बिलावर नीट असेल तर तो परत वळता करता येतो. आणखी एक, आयईसीमध्ये काही बदल नसला तरी दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये संकेतस्थळावर जाऊन माहिती बरोबर असल्याची नोंद करावी लागते. नाही केली तर तो निष्क्रिय होतो आणि पार्सल अडकल्यावरच ते कळतं. २१ जानेवारी २०२२ ला दहा नग हातात आले, कुरिअर धरून २,९४० रुपये.

चिप ठरली की संपलं असं मला वाटत होतं. पण १०५० व्होल्टच्या चिपभोवतीचे बाकीचे भाग २६५ व्होल्टच्या सवयीचेच होते. एकेक बदलावा लागला. मोठा कॅपॅसिटर ४५० व्होल्टच्या वर सहज मिळत नाही, म्हणून दोन सिरीजमध्ये आणि प्रत्येकाला समतोल राखणारे रेझिस्टर. तेही दोन-दोन सिरीजमध्ये, कारण १२०६ मापाचा रेझिस्टर २०० व्होल्टपर्यंतच चालतो, हे ओहम आणि वॅट बघताना सुटून जातं. मेन्सच्या दोन वायरींमध्ये बसणाऱ्या एक्स२ कॅपॅसिटरच्या जागी ४४० व्होल्टचे दोन एक्स१ सिरीजमध्ये घेतले. व्होल्टेजचा झटका गिळणारा एमओव्ही ५१० व्होल्ट एसीचा. सेकंडरीच्या डायोडच्या जागी आधी १०० व्होल्टचा शॉटकी होता. १०० वेढ्यांना १३ असं प्रमाण होतं, म्हणजे ७०७ चे ९२ आणि वर बारा, झाले १०४. तो २०० व्होल्टचा केला. काटा छाटायला १६० व्होल्टचा टीव्हीएस डायोड.

ट्रान्सफॉर्मर मिरजेतल्या एका ताईंनी गुंडाळला. घराच्या पुढच्या खोलीत चार बायका काम करतात, हात इतका सफाईदार की बघत राहावं. ईएफ२० मापाचा फेराईट कोअर, प्रायमरी शंभर वेढे दोन थरांत, सेकंडरीला तिहेरी इन्सुलेशनची वायर. "गॅप किती ठेवू दादा, आणि मधल्या पायात की दोन्ही बाजूंना?" हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मला माझ्या कागदावर काय लिहायचं राहिलंय ते कळलं. कोअरच्या मधल्या पायात ०.४ मिलिमीटरची फट. पाच नमुन्यांचे पंधराशे रुपये. पहिल्या नमुन्यात ५०० व्होल्टला चिप ११२ अंशांवर गेली. ताईंनीच सुचवलं, दोन थरांच्या मध्ये टेप वाढवून बघू. थरांमधली कपॅसिटन्स कमी झाली आणि चिप ८६ वर आली. सॉफ्टवेअरच्या कुठल्याच पानावर मला हे असं मिळालं नव्हतं.

फीडबॅकला, म्हणजे बारा व्होल्ट स्थिर ठेवायला, चिपमध्येच सोय आहे, ऑप्टो (उजेडाने संकेत पलीकडे नेणारा भाग) न लावता ट्रान्सफॉर्मरच्या ऑक्झिलिअरी (जादा) वाइंडिंगवरून नियमन करता येतं. करून पाहिलं. रिले चालू-बंद होताना बाराचे ११.१ ते १३.४ होत होते. टीएल४३१ (व्होल्टेजवर नजर ठेवणारी चिप) आणि पीसी८१७ (ऑप्टो) ची जुनी जोडी लावली, प्रश्न मिटला. ऑप्टोच्या पोटाखाली बोर्डात खाच पाडली, प्रायमरी-सेकंडरीत आठ मिलिमीटर अंतर ठेवलं, वरून कोटिंग. विहिरीवरच्या पेटीत मुंग्या असतात, पाली असतात, पावसाळ्यात सगळं घामेजतं.

घरी हे करून पाहणाऱ्यांना हात जोडून सांगतो. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची ग्राउंड क्लिप प्रायमरीला कधीही लावू नका, डिफरन्शियल प्रोब घ्या किंवा मागून आणा. वीज काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये सातशे व्होल्ट असतात, मीटर शून्य दाखवेपर्यंत हात लावू नका. आणि खोलीत दुसरं माणूस असू द्या. आम्ही हा नियम एकदाही मोडला नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हायपॉट, म्हणजे आयसोलेशनची चाचणी, केली. प्रायमरी आणि सेकंडरीमध्ये ३,००० व्होल्ट एसी, एक मिनिट. त्या साठ सेकंदांत आमच्यापैकी कोणीच बोललं नाही. पाचही बोर्ड पार झाले.

एप्रिलमध्ये खरड छाटणीच्या पाण्याला बारा पेट्या दिल्या, तासगाव, पलूस आणि खानापूर तालुक्यांत. पहिली आप्पांकडे. मे महिन्यात वळवाच्या विजांनंतर एक परत आली, एमओव्ही तडकलेला आणि फ्यूज उडालेला, पुढचं सगळं शाबूत. एमओव्ही, फ्यूज बदलून तीच पेटी परत बसवली. बाकी अकरा जागेवर होत्या. जुलैत शंभर नगांची चिपची ऑर्डर दिली, आठ आठवडे सांगितले होते, पाच आठवड्यांत आल्या. पूर्ण सप्लायचा खर्च तेव्हा शंभर नगांना प्रत्येकी साधारण ३४० रुपये पडला. लोखंडी ट्रान्सफॉर्मरहून महाग पडला, आणि तरीही आम्ही तोच लावतो.

ऑगस्टच्या अखेरीस आप्पांच्या पेटीची नोंद काढायला गेलो. तोवरचं सर्वांत जास्त व्होल्टेज ४८६, वेळ पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटं. मोटर चालू होती. आप्पांना विचारलं त्या रात्री काही जाणवलं का. म्हणाले, "रातचं पाणी आता मी बघाय जातच न्हाई. झोपलेलो असणार."